सासऱ्यांची जवारी कुणाच्या खात्यात?

मिरजेच्या एका ताईंचं पत्र आलंय. लांब आहे, त्यातला मुद्द्याचा भाग असा:

‘आमच्या घरात तीन पिढ्यांपासून तंबोरे बनवायचं काम. सासरे २०२२ मध्ये गेले. त्याआधीची दोन-तीन वर्षं आमच्या ह्यांनी फोनवर त्यांचे व्हिडिओ काढून ठेवले होते. पंढरपूरकडचा भोपळा निवडण्यापासून जवारी लावण्यापर्यंतचे, म्हणजे तारेचा आवाज खुलवण्यापर्यंतचे, चाळीसेक असतील. सगळे गुगल फोटोजमध्ये. आता महिनाभर “जागा भरली, विकत घ्या” असा निरोप येतोय आणि मेल यायचे बंद झालेत. हे खातं मुळात फोन घेतला तेव्हा दुकानातल्या मुलानंच उघडून दिलं होतं. मी ब्लाउज शिवते. दोनशेच्या वर गिऱ्हाइकांची मापं फोनमधल्या नोंदींत आहेत, ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, काकू, ह्या कंपन्यांचं सगळं सोड, मी घरातच सर्व्हर, म्हणजे आपलं सगळं साठवणारा संगणक, लावून देतो. हे म्हणतात, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? मला दोघांचंही पटतं आणि उमगत काहीच नाही. कुठून सुरुवात करू?’

ताई,

पत्र दोनदा वाचलं. गुगल सोडू का, व्हॉट्सॲप सोडू का, हे तुम्ही विचारलंय. मला घोर लागला तो तुम्ही ओघात लिहून गेलेल्या वाक्याचा, की खातं दुकानातल्या मुलानं उघडून दिलं. आपल्याकडे कितीतरी घरांची जीमेल खाती अशीच मोबाइलच्या दुकानात, काउंटरवर उभ्या उभ्या उघडली गेलीत. पासवर्ड त्यानं ठरवलेला. खातं परत मिळवायला जो नंबर लागतो तो कधी त्याचाच, कधी तुमचं तेव्हाचं सिमकार्ड. फोन हातात चालू आहे तोवर ह्यातलं काही जाणवत नाही. फोन हरवला किंवा फुटला, की नव्या फोनवर गुगल म्हणतं, अमुक नंबरवर आकडा पाठवलाय तो सांगा. आणि तो नंबर आपला नसतो. बंद पडलेलं सिम किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतं, हे पुष्कळांच्या गावीही नसतं.

म्हणून आज रात्री जेवणं उरकली की दोघं बसा आणि फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन गुगल खात्याच्या सुरक्षेचं पान उघडा. तिथे नोंदलेला नंबर आणि पर्यायी ईमेल वाचा. तुमचे चालू नंबर घाला. पासवर्ड बदला, चांगला लांब ठेवा. दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली की राखीव कोड मिळतात, ते आणि पासवर्ड एका वहीत लिहा आणि ती वही कपाटात, बँकेच्या कागदांशेजारी ठेवा. पासवर्ड कागदावर लिहू नये असं तुम्ही ऐकलं असेल. ऑफिसात टेबलावर चिकटवलेल्या चिठ्ठीबद्दल ते खरं आहे. तुमच्या घरासाठी कपाटातली वही हीच सर्वांत भरवशाची जागा.

अजून एक, आणि ह्यात खरंच उशीर नको. सासऱ्यांच्या स्वतःच्या फोनवर वेगळं खातं होतं का? दोन वर्षं वापर नसलेली खाती गुगल डिसेंबर २०२३ पासून पुसू शकतं. ते २०२२ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं खातं असलंच तर ती मुदत कधीच उलटली. त्यांचा जुना फोन कुठे फडताळात पडला असेल तर आजच चार्जिंगला लावा.

आता व्हिडिओ. पुतण्या म्हणतो सोड, नवरा म्हणतो राहू दे. मी म्हणेन, आधी प्रत घरी आणा. प्रत घरात आली की सोडायचं की राहायचं, हे सावकाश ठरवता येतं. तोवर तुमचा कुठलाही निर्णय त्या खात्याच्या मर्जीवर आहे. पुतण्याचा लॅपटॉप घ्या, गुगल फोटोज ब्राउझरमध्ये उघडा, चाळीस व्हिडिओ निवडा आणि उतरवून घ्या. बाकीच्या फोटोंसाठी गुगलचीच ‘टेकआउट’ नावाची सोय आहे. मागणी नोंदवली की काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी, गठ्ठे तयार होतात आणि मेलवर दुवा येतो. तो आठवडाभरच चालतो, आणि तुमचे तर मेलच बंद आहेत. त्यासाठी एक महिना सव्वाशे-दीडशे रुपये भरून जागा वाढवून घेतली तरी काही हरकत नाही. गुगलला पैसे देणं म्हणजे हार, असं पुतण्या म्हणेल, तरी भरा. घाईघाईत जागा करायला म्हणून नको ते पुसलं जाण्यापेक्षा ते परवडलं.

टेकआउटच्या गठ्ठ्यात प्रत्येक फोटोशेजारी एक छोटी फाइल येते, नावाच्या शेवटी जेसन (json). ती कचरा वाटते. टाकू नका, फोटोची तारीख, ठिकाण, तुम्ही लिहिलेली ओळ हे सगळं तिच्यात असतं.

पण इथे एक खोच आहे, आणि तुमच्या बाबतीत ती मोठी आहे. जून २०२१ पर्यंत गुगल फोटोजमध्ये ‘उच्च गुणवत्ता’ हा पर्याय निवडला की हवं तेवढं फुकट ठेवता यायचं. त्या मोबदल्यात व्हिडिओ दाबून लहान केले जायचे. तुमचे बरेचसे व्हिडिओ नेमके त्याच काळातले. भोपळा निवडताना, त्यावर तबली, म्हणजे लाकडी झाकण, बसवताना चित्र थोडं मऊ झालं तर बिघडत नाही. पण जवारी! घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीनं किंचित घासायचा, तारेखाली दोरा केसभर पुढे सरकवायचा आणि कान लावायचा. दोरा नेमक्या जागी आला की तारेचा आवाज उघडतो, षड्जाच्या पोटात लपलेले बाकीचे स्वर झरझर वर येतात. तो क्षणाचा फरक हीच तर सासऱ्यांची विद्या होती, आणि दाबलेल्या आवाजात पहिलं जातं ते असलं बारीक काहीतरी. म्हणून ज्या फोनवर हे व्हिडिओ काढले तो जुना फोन आणि त्यातलं मेमरी कार्ड शोधा. मूळ फाइल तिथे अजून असेल तर ती सोनं आहे. नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत सर्वांत शेवटी, कारण ती आणखी दाबलेली असते.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नाव जपलं गेलं, फार चांगलं झालं. पण एका कारागिराच्या हाताचं चाळीस भागांतलं चित्रण दुसऱ्या कुणी ठरवलेल्या पासवर्डमागे पडून राहावं, हे मला सहन होत नाही.

प्रती ठेवायला एक टीबीच्या दोन हार्डडिस्क घ्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एक घरात आणि दुसरी गावाबाहेर, बहीण, नणंद, कुणाकडे तरी, कृष्णेचं पाणी चढत नाही अशा ठिकाणी. २०१९ आणि २०२१ चे पूर तुम्ही पाहिलेत, मी वेगळं काय सांगू. दर सहा महिन्यांनी, गुढीपाडवा आणि दसरा ठरवून टाका, दोन्ही जोडून दोन-चार व्हिडिओ वाजवून बघा. हार्डडिस्क न सांगता मरते. माझी मेली आहे, एकच प्रत होती, आणि आईच्या साठीचे फोटो तिच्याबरोबर गेले. तेव्हापासून एका प्रतीला मी प्रत म्हणत नाही.

इंटरनेटवर तिसरी प्रत हवीच असेल तर ‘एन्टे’ नावाची सेवा बघा. मल्याळममध्ये ह्या शब्दाचा अर्थ ‘माझं’. तिथे फोटो तुमच्या फोनवरच कुलूपबंद होऊन मग वर जातात, चालवणाऱ्यांनाही ते उघडता येत नाहीत. मात्र त्यांची परतावा-किल्ली, म्हणजे चोवीस शब्दांची यादी, आणि पासवर्ड दोन्ही हरवलं तर तुमचे फोटो तुम्हालाही कुणी उघडून देणार नाही. कपाटातली वही इथेही लागतेच.

आता तुमच्या ह्यांचा प्रश्न. लपवण्यासारखं आहे काय? हा प्रश्न मनापासून विचारलेला असतो आणि उत्तरही तसंच द्यायला हवं. त्यांना म्हणावं, तुमचं नसेल, पण माझ्या फोनमध्ये दोनशे बायकांची छाती, कंबर, खांदा, मुंढा आणि त्यांचे मोबाइल नंबर आहेत. ते माझं नाही. त्या बायकांनी पडद्यामागे उभं राहून, माझ्यावर विश्वास ठेवून ते दिलंय. लेकीच्या लग्नाचा ब्लाउज शिवायला आलेली बाई ‘पूर्वीपेक्षा दोन इंच वाढलेय हो’ असं हळूच म्हणते, ते तुमच्या कानात म्हणते. पूर्वी ते वहीत राहायचं, वही दुकानात राहायची. आता ते फोनमधून कुठल्या सर्व्हरवर जातं हे तुम्हाला माहीत नाही आणि त्यांनाही नाही. खाजगीपण म्हणजे गुन्हा लपवणं, असा घोळ आपल्याकडे फार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलं की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. पण तुम्हाला त्यासाठी न्यायालयाची गरज नाही. मापं घेताना पडदा का ओढता, एवढं ह्यांना विचारा.

आणि ज्यांनी काही लपवलेलं नसतं त्यांचंही काय होतं, त्याचं एक उदाहरण शेजारच्या गुजरातचं. एका इंजिनिअरनं स्वतःचा दोन वर्षांचा असतानाचा फोटो, आजी न्हाऊ घालतेय असा, गुगल ड्राइव्हवर ठेवला. यंत्रणेला त्यात बालशोषण दिसलं आणि एप्रिल २०२३ मध्ये खातं बंद झालं. ईमेलही गेला, कामधंदा अडला. शेवटी तो उच्च न्यायालयात गेला आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयानं गुगलला नोटीस काढली. तसले फोटो आपल्या कुणाच्या अल्बममध्ये नसतात? बालशोषण पकडलं जावं हे बरोबरच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. घाबरवणारी गोष्ट ही की चूक झाली तर जाऊन सांगायला कुणी माणूस सापडत नाही, आणि फोटो, मेल, पत्ता सगळं एकाच कुलपामागे असल्यामुळे सगळं एकदम जातं.

मापांचं काय करायचं? माझं मत विचाराल तर वहीकडे परत जा. शोधायची सोय हवीच असेल तर लिब्रेऑफिस ह्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तक्ता करा, तो लॅपटॉपवरच ठेवा, आणि त्यात नाव लिहूच नका. नुसता गिऱ्हाइकाचा क्रमांक आणि मापं. क्रमांक कुणाचा ते वहीत. पावतीपुस्तकावर क्रमांक असतोच, त्यामुळे काम वाढत नाही. नमुन्यासाठी अंगात जुना ब्लाउज घालून काढलेले फोटो बायका व्हॉट्सॲपवर पाठवतात, ते शिवून झालं की पुसा. गुगल फोटोजच्या बॅकअपमध्ये व्हॉट्सॲपचं फोल्डर चालू आहे का तेही बघा. असेल, तर ते सगळे फोटो सासऱ्यांच्या व्हिडिओशेजारी जाऊन बसले असणार. शिवाय अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता गुगलच्या त्याच फुकटच्या १५ जीबी जागेत मोजला जातो. तुमची जागा खाल्लीय ती कदाचित जवारीनं नाही, शुभ सकाळच्या गुलाबांनी.

तक्ता कुठल्या स्वरूपात ठेवता हेही महत्त्वाचं. आमच्या ओळखीच्या एका मंडळाचे नव्वदच्या दशकातले दिवाळी अंक युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टात जुळवलेले आहेत. फाइली शाबूत आहेत, पण तो फॉन्ट आणि ते सॉफ्टवेअर नसलेल्या संगणकावर उघडल्या की कवितेच्या जागी टिंबं, चौकोन आणि भलतीच अक्षरं दिसतात. मराठी छपाईतल्या माणसांना कुलूपबंद माहिती काय असते, हे वेगळं शिकवावं लागत नाही. म्हणून व्हिडिओ एमपी-फोर, फोटो जेपेग, तक्ता लिब्रेऑफिसचा, आणि वर त्याची एक साधी, नुसत्या मजकुराची सीएसव्ही प्रत. वीस वर्षांनीही कुठेतरी उघडेल.

पुतण्याला माझा आशीर्वाद सांगा. पोराची कळकळ खरी आहे. घरचा सर्व्हर, त्यावर फाइली आणि फोटो ठेवणारी नेक्स्टक्लाउड, इमिच ही सॉफ्टवेअरं, सगळं उत्तम आहे आणि त्यानं ते शिकावं. पण चौथ्या वर्षानंतर तो पुण्याला नोकरीला जाणार. मग भर पावसात वीज गेली, डिस्क बसली, अपडेट अर्धवट झालं, तर मिरजेत ते कोण सोडवणार? तुम्ही गुगलवर अवलंबून होता, आता पुतण्याच्या सुट्टीवर अवलंबून राहाल. त्यानं स्वतःसाठी सर्व्हर लावावा, वर्षभर चालवावा, मग बघू. तोवर त्याच्याकडून दुसरं एक काम करून घ्या, तुमच्या मालकीचा ईमेल पत्ता.

हे थोडं समजावून सांगते. २०११ पासून आपण मोबाइल कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवू शकतो. ईमेलला अशी सोय नाही; जीमेल सोडलं की पत्ता गेला. वीसेक वर्षांपूर्वी इंटरनेट जोडणीबरोबर मला एक ईमेल फुकट मिळाला होता. तोच कार्डावर छापला, तोच सगळ्या अर्जांत भरला. घर बदललं, जोडणी बंद केली आणि महिन्याभरात पत्ता बंद. कुणाकुणाची पत्रं परत गेली ते मला आजही माहीत नाही. उपाय असा की स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे ईमेलमध्ये @ नंतर येणारं नाव, घ्यायचं. डॉट इन वर्षाला साधारण हजाराच्या आत मिळतं. त्यावर ईमेल चालवायला आज एक कंपनी, उद्या दुसरी, पत्ता तुमचाच. डोमेनही भाड्याचंच असतं, दरवर्षी पैसे भरायचं विसरलं तर जातं, म्हणून तीन-चार वर्षांचे एकदम भरा आणि तारीख कॅलेंडरवर लिहा. तंबोऱ्याच्या धंद्यासाठी हा पत्ता किती शोभून दिसेल ते वेगळंच. जीमेल लगेच बंद करू नका. बँक, गॅस, विमा, आधार असं एकेक हलवा, वर्ष लागलं तरी चालेल.

व्हॉट्सॲप राहू द्या. तुमची गिऱ्हाइकं तिथे आहेत आणि दोनशे बायकांना एकटीनं दुसरीकडे नेता येत नाही. २०२१ मध्ये व्हॉट्सॲपच्या नव्या अटींवरून गदारोळ झाला, लोकांनी धडाधड सिग्नल हे तसलंच दुसरं ॲप उतरवलं आणि बरेच जण परतही आले, कारण सोसायटी, शाळा, भिशी सगळं मागेच राहिलं होतं. ‘मान्य करा नाहीतर निघा’ ह्या त्या अटींबद्दल स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाला २१३ कोटी १४ लाखांचा दंड ठोठावला आणि प्रकरण अपिलात गेलं. मजकूर कुलूपबंद असतो हे खरं, पण कोण कुणाशी कधी आणि किती वेळा बोलतं, ते कंपनीला दिसतं. तुम्ही एवढंच करा: बॅकअपला स्वतःचा पासवर्ड लावा आणि घरातल्या चार-पाच माणसांचा गट सिग्नलवर हलवा. सिग्नल चालवणारी संस्था नफ्यासाठी नाही, जाहिराती नाहीत. घरची माणसं तुमचं ऐकतील, भिशी ऐकणार नाही.

बाकी किरकोळ. ब्राउझर फायरफॉक्स घ्या, त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं जोडसॉफ्टवेअर घाला, जाहिरातींचा निम्मा पाठलाग तिथेच संपतो. फोनच्या सेटिंगमधून जाहिरातींसाठीचा ओळख क्रमांक पुसा आणि विजेरी, कॅल्क्युलेटर असल्या ॲपना दिलेली ठिकाणाची परवानगी काढून घ्या. गुगलचा नकाशा वापरा खुशाल, आपल्याकडच्या गल्ल्यांना त्याच्या तोडीचं अजून काही नाही, फक्त ‘वापरात असतानाच’ एवढीच मुभा द्या.

आणि जागा रिकामी करायची ती सर्वांत शेवटी. दोन्ही हार्डडिस्कवर प्रती झाल्या, दुसरी नणंदेकडे पोचली, की मग गुगलमधले मोठे व्हिडिओ पुसा. पुसल्यावरही ६० दिवस ते तिथल्या कचरापेटीत राहतात, तेवढी सवड आहे. फाइलींची नावं मात्र आत्ताच बदलून घ्या. कॅमेऱ्यानं दिलेल्या आकड्यांवरून कुणाला काही कळणार नाही. ह्यांना शेजारी बसवा, एकेक व्हिडिओ लावा आणि ते काय सांगतील ते नावात लिहा: साल, वाद्य, काम. ह्या भोपळ्याला कुठली तार, त्या दिवशी बाबा का चिडले होते, हे आज त्यांना आठवतंय. जवारीचा व्हिडिओ पहिल्यांदा घ्या, हेडफोन लावून, दोरा सरकतो तिथपर्यंत.